रजा मोजनारी बेबीताई

बेबीताई मानसाले नावानं हाक मारतच नव्हती. गावानं मारे. अमरावतीच्या आमच्या यार्डात सकाळी तिचा आवाज सुरू झाला का अर्धा वऱ्हाड जागा होये. "ओ हिवरखेड, काच पूस गाडीची! ओ बडनेरा, चहा पुरे झाला, पोट हाय का टाकी? अन् ते बार्शीटाकळी कुठी उलथलं?"

ते उलथलेलं बार्शीटाकळी म्हंजे मी. नाव माहं इलास. शाळेत विलास लिवलं व्हतं म्हने, पन शाळेत मी इतका कमी गेलो का त्या नावाची अन् माही ओळखच झाली नाही.

कंपनी एका शेठची, ट्रॅव्हल्सची. शेठच्या गाड्या अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याले जातात अन् तशाच वापस येतात. कोन ड्रायवर कोनती गाडी घेऊन कवा जाईन, हे बेबीताई ठरवे. टिनाची एक खोली, तिले एक खिडकी, खिडकीमांगं फळीवर खिळे अन् खिळ्याले चाव्या. चावी तिच्याच हातून घ्या लागे. हात पुढं केला का ती पहिले तुमच्या तोंडाकडं पाहे. तोंड पटलं तं चावी, नाही तं "जाय, धुऊन ये." एका सकाळी मी तीनदा तोंड धुतलं तरी चावी भेटली नाही. शेवटी म्हनलं, "ताई, धुऊन धुऊन तोंडच संपलं आता."

"मंग घरी जाय," म्हने. "बिनतोंडाच्या मानसाले मी गाडी देत नाही."

दिसाले बाई साधी. साडी, अन् साडीवर पुऱ्या बाह्याचा मानसाचा शर्ट, वावरातल्या बाया घालतात तसा. पर्समधी बडीशेप, सेफ्टी पिना अन् डोकं दुखल्यावर लावाचा बाम. बाम आमच्यासाठी. "मले कायले लागते?" म्हने. "मले डोकं असतं तं तुमच्यासारख्यायत येऊन बसली असती का मी?" तिचा नवरा टेलर, घर अमरावतीतच, एक लेक लग्न करून दिलेली. याच्यापलीकडं तिच्या घरचं मले काही ठाऊक नाही. इचाराले गेलं का ती उलटं आपल्याच घरचं सगळं काढून घेये, अन् मी तं अशा बाबतीत फुटकं मडकं.

अन् मजा पाहा, सगळ्या गाड्या हालवनारी ही बाई स्वतः गाडीत बसूच शकत नव्हती. शेठनं अकोल्याले नवीन ऑफिस काढलं, पूजा ठेवली, सगळ्या स्टाफले बसनं नेलं. गाडी माह्याकडं. म्या ठरवलं, आज ताईले दाखवू आपला हात किती साफ हाय. गाडी अशी चालवली जशी दुधाची पातेली डोक्यावर हाय. बडनेरा लागाच्या पहिलेच ताईनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं.

"थांबव रे बाबा," म्हने. "तू खड्ड्यातून नेलं असतं तं बरं झालं असतं. हे जे तू झोके देऊन राहिला ना, त्यानं आतडे वर आले."

उतरली, बडनेऱ्याच्या टेसनावर गेली अन् रेल्वेनं निघाली. रेल्वेत तिले काही होत नाही. आमची गाडी मूर्तिजापूरले पंक्चर झाली. अकोल्याले पोचलो तवा ताई परसाद खाऊन, हात धुऊन, पायऱ्यायवर बसली व्हती.

पन बेबीताई मले आठवते ते रजेच्या हिशेबानं.

आमच्या धंद्यात नियम असा, ड्रायवरनं दिवसाले आठ तास अन् आठवड्याले अठ्ठेचाळीस तास. हे मले बी पाठ हाय, काहून का यार्डात ते पाटीवर लिवलेलं हाय अन् मी रोज त्या पाटीखालीच डबा खातो. आता समजा तुमी आठवड्यातून तीन दिवस रजेवर गेले. बाकी मालक काय म्हनतात? तू तीन दिवस काहीच केलं नाही. तुहे अठ्ठेचाळीस तास तसेच पडून हायेत. ते आता उरलेल्या तीन दिवसात काढ. म्हंजे रोजचे सोळा.

बेबीताई म्हने, नाही. रजेचा दिवस म्हंजे आठ तास भरले. तीन दिवस रजा घेतली, तुहे चोवीस तास झाले. उरले चोवीस. ते रोजच्यासारखे आठ-आठ कर अन् आपल्या घरी जाय.

"रजा बी ड्युटीच हाय बाप्पा," ती म्हने. "फक्त तिच्यात गाडी नसते."

हे तिनं कोनत्या बुकातून काढलं नव्हतं. आमच्याकडं पाहून काढलं व्हतं. आमच्या यार्डात रजा घेऊन आराम केलेला मानूस म्या आजपर्यंत पाहिला नाही. अर्ध्याहून जास्त ड्रायवर वावरवाले. रजा घेनार ते पेरनीले, फवारनीले, सोयाबीन सोंगाले. वावर नसन तं लग्नाले, अन् लग्नात आपल्या घरचा मानूस काय करते? मंडप बांधते, पत्रावळी उचलते, रुसलेल्या जवायाले मनवते. रजेहून आलेला मानूस रजेवर गेलेल्या मानसापेक्षा नेहमी वाईट दिसते.

म्हून रजेहून आल्यावर ताई तोंडाच्या जोडीनं हात बी पाहे. "हात दाखव." आपन हात दाखवाचा. तिनं तळव्याचे फोड पाहाचे, सोयाबीनच्या काड्यायचे ओरखडे पाहाचे अन् भविष्य सांगाचं: "तुह्या नशिबात बडनेरा टेसनची फेरी हाय. अकोला परवा." टेसनची फेरी म्हंजे अमरावती ते बडनेरा, गेलं अन् आलं, आमच्यातली सगळ्यात पोरकट ड्युटी. पोट्टे तिले ज्योतिषीन म्हनत. मी तं सगळ्यात जास्त म्हनो, कारन सगळ्यात जास्त भविष्य माहंच निघे.

तिले हात पाहाची सवय लागली ती बी माह्यामुळंच. साळ्याच्या लग्नाहून आलो व्हतो. ताईनं इचारलं, "झोपला व्हता का नीट?" मी म्हनलं, "ताई, दोन दिवस नुसता लोळलो." खरं म्हंजे वरातीत नाचून नाचून माहे गुडघे कामातून गेले व्हते. तिनं तोंडावर इश्वास ठेवला, पन तरी टेसनचीच फेरी दिली. मी बडनेऱ्याले गाडी लावली, पब्लिक चढून राहिलं व्हतं, म्हनलं जरा डोकं टेकू. टेकलं ते हॉर्नवर. हॉर्न वाजून राहिला अन् मी सपनात वरातीत नाचून राहिलो. मले वाटलं मांगून कोनी गाडीवाला वाजवून राहिला. मी झोपेतच बोंबललो, "अबे ए, नवरदेव दिसत नाही का तुले? थांब ना जरासा!"

एका आजीनं तोंडावर पानी मारलं अन् इचारलं, "नवरदेव, गाडी सुटते का आता?"

आजी आमच्या यार्डामांगच राहे. मी चावी द्याले खिडकीत जाच्या पहिले बातमी पोचली. त्यानंतर महिनाभर माहं बार्शीटाकळी गेलं अन् "ओ नवरदेव" आलं. ताईनं तोंडावरचा इश्वास काढून हातावर ठेवला.

मंग मी बी डोकं लावलं. डोकं कमी असलं का मानूस जास्तच लावते. एका वर्षी सोयाबीन लवकर आलं, सोंगून मी परत निघालो अन् हात पाहिले तं तळवे फुटलेले. ताई लंबी गाडी देनार नाही हे नक्की. बायकोले म्हनलं, मेंदी लाव. बायको हासली, पन तिनं लावली, ती बी मन लावून, मोर-बिर काढून. तळव्यावर एक फोड दिसन तं शपथ. सकाळी खिडकीत दोन्ही हात पुढं केले.

ताईनं हात पाहिले. माह्याकडं पाहिलं. परत मोराकडं पाहिलं.

"काय रे हे?"

"लग्न व्हतं ताई, चुलतभावाचं. बायायनं जबरदस्ती लावली."

"कवा व्हतं लग्न?"

"परवा."

"परवा," म्हने. "पितरपाठात?"

मांगं रांगेत सगळे उभे. मले पितरपाठ आठवलाच नाही हो! सगळ्या वऱ्हाडात त्या पंधरा दिवसात कोनी नवीन चप्पल घेत नाही, अन् म्या चुलतभावाचं लग्न लावून देलं.

"कोनत्या भटजीनं लावलं रे?" ताई इचारते. "पंगतीले कावळे व्हते का?"

त्या दिवशी बी बडनेराच. अन् मेंदी काही जात नाही ना लवकर. पब्लिकले रोज दाखवत फिरलो. कालेजच्या पोरी उतरताना "थँक्यू वहिनी" म्हनून उतरत.

पन ताईचा हिशेब फक्त फोडाचा नव्हता, हे मले सलीमभाईच्या टायमाले समजलं. सलीमभाई बडनेऱ्याचे, आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायवर. ड्रायवरायत एवढ्या एकाले ताई नावानं हाक मारे, ती बी कवाकवाच. सलीमभाईची माय वारली. ते रजेवर गेले अन् चार दिवसानं येऊन खिडकीपुढं उभे राहिले.

"ताई, मले लंबी गाडी द्या. घर में बैठ के दिमाग फट जायेगा मेरा."

"लंबी नाही देत, सलीमभाई. तुमचे तास झाले."

"कायचे तास? मी का वावरात राबलो? मय्यत में कौनसा काम रहता? लोग आते, बैठते, जाते."

"रडनं का फुकट होते भाऊ?" ताई म्हने. "त्याले बी आंग लागते."

सलीमभाईनं टेसनच्या फेरीची चावी फेकून देली. थेट चिखलात. ताई बाहेर आली, चावी उचलली, शर्टाच्या बाहीनं पुसली अन् परत खिडकीत ठेवली. सलीमभाईनं थोड्या वेळानं ती घेतली. फेरी करून आले अन् तिच्या खोलीच्या पायरीवर बसले. ताईनं आतून बडीशेप देली. ते खात राहिले, ती चाव्या लावत राहिली. मले वाटलं, वातावरन जरा हलकं करावं. मधात जाऊन एक जोक मारला. दोघायनं बी माह्याकडं असं पाहिलं का मी गाडीचे चाकं मोजाले निघून गेलो. सहाच व्हते.

मंग परेशबाबू आले. शेठचे भाचे. मानूस वाईट नव्हता, हे सांगून ठेवतो. सकाळी सगळ्यायच्या पहिले येत, डबा टेबलावरच खात. त्यायनं मोबाइलमधी ड्युटीचं ॲप बसवलं. सगळ्या ड्रायवरची नावं एका खाली एक. ज्याचे तास भरले तो लाल. थोडे उरले तो पिवळा. मोकळा मानूस हिरवा. अन् रजेचे तास त्याच्यात शून्य.

म्हंजे झालं असं, का जो रजेहून आला तो सगळ्यात हिरवा. मोबाइल पहिले त्यालेच पकडे अन् सगळ्यात लंबी गाडी त्याच्याच गळ्यात घाले. मी पहिल्यांदा पाहिलं तं माहं नाव असं हिरवंगार दिसलं, माह्या वावरात बी कवा एवढं हिरवं उगवलं नाही.

ताईचं अन् परेशबाबूचं रोज वाजे.

"ताई, कायदा कामाचे तास मोजतो. रजेत काम झालं का? नाही. मग शून्य. आणि महिन्याची सरासरी काढून बघा, सगळं अठ्ठेचाळीसच्या आत बसतं."

"बसते ना. रजेचं शून्य मांडलं का सरासरी खाली येते अन् मानूस वर जाते, परेशबाबू."

शेठनं आपल्या वकिलाले इचारलं. वकील म्हने, याच्यात दोन्हीकडून बोलता येते. वकिलाले तं दोन्हीकडून बोलताच येते. शेठ वैतागला. दिवाळी तोंडावर, गाड्या फुल, अन् इथं यार्डात रोज तमाशा. त्यानं खिडकीपुढं उभं राहून सगळ्यायसमोर सांगतलं:

"ताई, तुमचं चालू द्या दिवाळीपर्यंत. पण दिवाळीच्या गर्दीत एक जरी गाडी ड्रायवरवाचून उभी राहिली, तर त्या दिवसापासून तुम्ही या खुर्चीवर नाही. ड्युटी मोबाइल लावेल."

"बरं," ताई म्हने.

एवढंच म्हने. आमाले वाटलं आता ती नरमन. बाईची नोकरी हाय, खुर्ची हाय, एवढ्या वर्षांची बसलेली. कोनी बी नरमलं असतं. मी असतो तं शेठ गेटाबाहेर जाच्या पहिलेच मोबाइलले राम राम घातला असता.

त्या वर्षी पानी लांबलं, सोयाबीन मांगं राहिलं अन् नेमकं दिवाळीच्या तोंडावर उभ्यानं तडकाले लागलं. शेंगा फुटल्या का दाना मातीत. ताईनं मले रजा देली. देताना म्हने, "जाय. पन आल्यावर तुले मी मोजनार."

आलो तं यार्डात नवी एसी गाडी उभी. निळे लाइट, सीटायले पडदे. अन् मोबाइलवर मी हिरवा! एसी गाडी, अकोल्याच्या रोज दोन चकरा, दिवाळी होईपर्यंत. मले तं आभाळच भेटलं. माहा सासरा अकोल्याले रोडावरच राहते. लग्न झाल्यापासून तो लोकायले सांगे, "जवाई ड्रायवर हाय म्हनतात, पन आमी कवा गाडीवर पाहिला नाही." म्हनलं, आता पाह्य तू. पडदे सरकवून दाखवतो.

पब्लिक बसलेलं. डोक्यावर बॅगा, मांडीवर फराळाचे डबे, लेकरं. मी खिडकीत गेलो.

"हात," ताई म्हने.

मी उपडे हात दाखवले.

"पालथे नाही. उताने कर."

केले. तिनं पाहिलं अन् चावी खिळ्यावरच ठेवली. "नाही."

परेशबाबू धावत आले. "ताई, गाडी सुटायची वेळ झाली!"

"दुसरा मानूस द्या."

"दुसरा नाहीच! सगळे लाल आहेत!"

"मंग हा बी लालच हाय. तुमच्या मोबाइलले दिसून नाही राहिला. पब्लिक मांगच्या दोन गाड्यात वाटा."

"दिवाळीत? उभ्यानं?"

पब्लिकमधून आवाज येऊ लागले. "ओ, सोडा ना गाडी!" "ड्रायवर समोर उभा हाय तरी?" परेशबाबूनं शेठले फोन लावला. शेठ आला, पायात घरची चप्पल, घरी पूजा चालू असन. त्यानं पहिले गाडीकडं पाहिलं, मंग ताईकडं.

"ताई, चावी द्या."

"शेठ, गाडी तुमची हाय. चावी बी तुमची हाय, ती पाहा खिळ्यावर. घ्या अन् द्या त्याले. पन मी हा मानूस लावत नाही."

"मी काय बोललो होतो, आठवतं ना?"

"आठवते ना." तिनं टेबलाखालची पर्स मांडीवर घेतली.

शेठनं एकदम हात नाही घातला चावीले. तो माह्याकडं वळला. "काय रे, तुला झेपतं की नाही?"

आता पाहा, एवढं सोपं इचारलं व्हतं. "हो" म्हनलं असतं तं गाडी भेटली असती. "नाही" म्हनलं असतं तं ताईचा शब्द राहिला असता. पन मी पडलो इलास. मले वाटलं, शेठसमोर आपली ताकद दाखवाचा हाच टाइम हाय.

"झेपते का इचारता शेठ?" मी छाती काढली. "अजी, सोयाबीन आख्खं म्या सोंगलं! मजूर भेटलेच नाही. मी अन् बायको. उजाडाच्या पहिले वावरात, अंधारलं का बाहेर. मंग थ्रेशर आलं, त्याच्यात पेंढ्या कोन टाके? मीच. दुसरा मानूस अर्ध्या तासात खाली बसला, मी बसलो नाही!"

"आणि झोपलास केव्हा?" शेठ इचारते.

"झोपाचं काय घेऊन बसले शेठ? रानडुकरं येतात ना, ढिगावरच पडाचो. एक डोळा उघडाच. ती तं माही सवयच हाय."

"बस कर बे," सलीमभाई मांगून म्हने.

मी कायचा बस करतो! "अन् आज इथं आलो ते बी गावाहून उभ्यानं, जागाच नव्हती. उतरलो तसा खिडकीत. चहा बी नाही घेतला शेठ! अन् तुमी इचारता झेपते का?"

मले वाटलं आता शेठ पाठ थोपटन. शेठ म्हने, "म्हणजे तू माझ्याकडे येतोस तो आराम करायला."

तवाच गाडीच्या दारातून एक बाई उतरली, एका हातात लेकरू, एका हातात डबा. ती परेशबाबूले म्हने, "आमाले मांगच्या गाडीत बसवा. उभ्यानं जाऊ." तिच्यामांगं एक म्हातारा उतरला. मंग त्याच्या घरचे. मंग सगळीच लाइन लागली. एसी चालू, पडदे टांगलेले, निळे लाइट लागलेले, अन् गाडीत एक मानूस नाही. जाता जाता एका जनानं मले सांगतलं, "भाऊ, घरी जा, झोपा." असं प्रेमानं, जसं बेवड्याले सांगतात.

शेठनं रिकाम्या गाडीकडं पाहिलं. मंग म्हने, "परेश, रजेचे आठ मांड त्या मोबाइलमधे."

"मामा, पण—"

"मांड म्हटलं ना."

मंग ताईकडं पाहून, जरा खालच्या आवाजात, "ताई, तुमचं खरं निघालं. पण गाडी उभी राहिली. आणि मी बोललो ते या सगळ्यांनी ऐकलं आहे."

"हो ना," ताई म्हने. "बोललं तं बोललं."

हे ती रागानं नव्हती म्हनली. उठली अन् परेशबाबूले जवळ बोलावलं. एक एक चावी खिळ्यावरून काढून त्यायच्या हातात देऊन राहिली अन् सांगून राहिली, "ही गाडी ब्रेकले डावीकडं ओढते, हिच्यावर नवीन पोट्टं देऊ नका. हिचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. ही मूर्तिजापूरच्या चढावर गरम होते, पान्याची कॅन ठेवा." परेशबाबू मान हालवत व्हते अन् त्यायचं तोंड असं झालं व्हतं जसं रजेहून तेच आले. मी म्हनलं, "ताई, माहं चुकलं." ती म्हने, "तू तं पहिल्यांदाच खरं बोलला. जाय, बडनेऱ्याची गाडी खाली हाय, तिच्यात जाऊन झोप."

दिवाळी झाल्यावर शेठनं तिले अकोल्याच्या ऑफिसात पार्सलच्या खिडकीवर टाकलं. रोज अमरावतीहून बडनेरा, बडनेऱ्याहून रेल्वे. इकडं मोबाइलमधी आठ मांडले गेले ते आजपर्यंत हायेत. आता मी रजेहून आलो का पिवळा दिसतो. कोनी हात पाहत नाही. परेशबाबू बाकी ट्रॅव्हल्सवाल्यायले सांगतात, आमच्याकडं रजा मोजली जाते. ते आपल्यालेच सुचलं असं सांगत नाहीत, एवढं खरं. पन कोनाले सुचलं ते बी सांगत नाहीत.

अकोल्याले गेलो का मी तिच्या खिडकीत डोकावतो. एकदा गेलो तं खिडकीत दुसराच मानूस. ताई रजेवर, लेकीचं बाळंतपन म्हने. पुढच्या खेपेले गेलो तवा ती आली व्हती. डोळे खोल गेलेले, पदराले बाळाच्या तेलाचा वास. खिडकीपुढं पार्सलचा ढीग अन् ढिगामांगं तिथला मॅनेजर.

"ताई, तुमी रजेवर होत्या तं हे सगळं साचलं. आता हा आठवडा रोज संध्याकाळपर्यंत थांबा. रविवारी बी या. तेवढं भरून काढा. तुमचा आराम तं झालाच हाय."

"माहे रजेचे आठ मांडले का?" ताईनं इचारलं.

"ते ड्रायवरसाठी हाय ताई. खिडकीवाल्यायले नाही."

ताईनं पुढचं पार्सल ओढलं. काम करत राहिली. मी पानी पिऊन, गाडी पुसून आलो तरी ती पावत्याच फाडत व्हती. मंग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, तिचे आठ तास भरले व्हते. ढिगाकडं पाहिलं. लाइनीतल्या लोकायले इचारलं, "नासनारं कोनाचं हाय?" एकाचं फुलाचं खोकं व्हतं, ते तिनं घेतलं, पावती देली, खोकं माह्या गाडीत चढवाले लावलं. "बाकीच्यायचं उद्या सकाळी. रविवारी खिडकी बंद राहीन." अन् खिडकीचं शटर खाली ओढलं.

"ताई, लोक उभे हायेत!" मॅनेजर बोंबलला.

"मले दिसले," ताई म्हने अन् पायात चपला घातल्या.

माह्या गाडीचा टाइम झाला व्हता. मी गेटातून गाडी काढली अन् रोडावर वळवली तं पुढं ताई. टेसनकडं जाचं म्हून रोड ओलांडून राहिली व्हती. पर्स काखेत, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. मी गाडी थांबवली. ती रोडाच्या मधात आली अन् तिथंच थांबली, चपलीचा अंगठा सुटला असन, वाकून नीट करत बसली. मांगं गाड्यायची लाइन लागली, लोक बोंबलाले लागले. माह्या मांगच्या सीटवरचा पॅसेंजर म्हने, "काहून थांबले भाऊ?"

"बाई जाऊन राहिली," म्हनलं.

तिनं वर पाहिलं नाही. गाडी कोनाची, ड्रायवर कोन, काही पाहिलं नाही. घाई बी केली नाही. मी इंजन बंद केलं.